शालिकची ढोली

शालिक गेल्याचा निरोप मला गडचिरोलीच्या स्टँडवर सिंदेवाहीच्या गाडीच्या कंडक्टरने दिला. "तुमचा नाटकवाला गेला, भाऊ," एवढंच म्हणाला आणि तिकिटं फाडायला लागला. त्याला आता महिना होऊन गेला.

शालिक सिंदेवाहीजवळच्या गावात मास्तर होता. नागपूरला शिकताना त्याने परदेशी नाटकांची भाषांतरं वाचली होती. त्यांत मेलेली माणसं एका खोलीत बसून आपलं आयुष्य उकरत असत. देव नाही, यम नाही, सुटकाही नाही. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत त्याने तसंच एक नाटक झाडीबोलीत, आमच्या इकडच्या बोलीत, लिहिलं. त्याच्या घराने बौद्ध धम्माच्या दीक्षेपासून आत्मा, परलोक यांना रजा दिलेली. आत्मा मानत नाहीस तर मेलेल्यांना कशाला नाचवतोस, असं मी डिवचलं. तो म्हणाला, "मेल्यावर काई नसते बावा. मागच्यायच्या तोंडात जेवढा उरला, तेवढाच माणूस."

नाटकातला नियम साधा होता. जिवंतांनी एखादा शब्द बोलायचा सोडला की तो मेलेल्यांच्या तोंडातूनही जायचा. शेवटी मेलेला शेतकरी, म्हणजे शालिक स्वतः, बियाण्याचं धान कशात ठेवलं ते मुलाला सांगू पाहतो आणि त्याला शब्दच सापडत नाही. शब्द होता ढोली, बांबूची, शेणामातीने लिंपलेली कणगी; शालिकच्या घरचीच एक ढोली रंगमंचावर त्याच्या मागे ठेवलेली असायची. तिथे शालिकने लांब शांतता लिहिली होती, मग पडदा.

मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या, पहिल्याच प्रयोगात तो थांबला आणि मांडवातून एक म्हातारी म्हणाली, "ढोली म्हन ना रे बाबू, किती वेळचा थांबून राह्यला." मग सगळा मांडव 'ढोली, ढोली' करू लागला. लोकांना वाटलं, नट वाक्य विसरला. प्रॉम्प्टर मी, त्यामुळे शिव्या मला. झोपला का म्हणून एकजण विंगेत डोकावूनही गेला. शालिकची शोकांतिका चारी मुंड्या चीत. तो खूप तणतणला आणि मग त्याने शेवटच बदलला. लोक शब्द देतील तेव्हाच पडदा, आणि मी ओठसुद्धा हलवायचे नाहीत.

पुढे गडचिरोलीत साहेबलोकांसमोर प्रयोग झाला, तेव्हा कुणीच बोललं नाही. पहिल्या रांगेत शालिकची मुलगी सुजाता होती. 'मले-तुले'वरून शाळेत पोरी हसल्यापासून ती घरीही पुस्तकी बोलायची. शालिक नुसता उभा राहिला... शेवटी मीच पडदा पाडला. परतताना तो म्हणाला, "पोरीले माहीत होता शब्द. काऊन नाई बोलली?" 

परवा त्याच्या घरी गेलो होतो. नाटकातली ती ढोली आता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे. माझ्यासमोरच शेजारीण शालिककडचं बियाण्याचं धान मागायला आली. त्याची बायको कौसल्याबाई म्हणाली, "हाये न, त्यायनंच ठेवलं, त्या..." आणि तिला पुढे बोलवेना. सवयीने माझं तोंड उघडलं. तेवढ्यात सुजाता आतून बाहेर आली.

"ढोलीत हाये, काकी," ती म्हणाली. "किती पायजे तुमाले?"

मी ओठ मिटले.