फुगलेल्या चेहऱ्याचं कौतुक

माझ्या लेकीचा चेहरा आजाराने सुजला, तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. "अंगाला लागलंय हो आता," शेजारणी म्हणाल्या. मोज्यांचे वळ रात्रीपर्यंत तिच्या पायांवर राहायचे, सकाळी डोळे उघडायचे नाहीत, आणि लोकांना ते बाळसं वाटत होतं! पनवेलमधल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून डोळ्यांत घालायला थेंब दिले. लघवी तपासून घ्या, हे शेवटी मीच सांगितलं.

लघवीतून प्रथिनं जात होती. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. मूत्रपिंडातली गाळणी गळायला लागली की रक्तातली प्रथिनं लघवीवाटे निघून जातात आणि पाणी अंगात साठतं. बहुतेक मुलांना स्टेरॉइडच्या गोळ्यांनी उतार पडतो, पण आजार उलटू शकतो. गोळ्यांनी चेहरा गोल होईल, भूक वाढेल. तरी आपल्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत. हे सगळं मी लिहून फ्रिजवर लावलं.

सूज उतरली, लघवी स्वच्छ झाली. मग गोळ्यांनी चेहरा गोल झाला आणि तोच सगळ्यांना खुपायला लागला.

नेऱ्याला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. लेक हट्टाने आधीच तिकडे गेली. मी वारांप्रमाणे गोळ्या डबीत भरून दिल्या होत्या, वर 'एकही चुकवायची नाही' असं लिहून. हळदीच्या संध्याकाळी पोचले, तर डबी भरलेलीच.

"मीच बंद केली," नणंद म्हणाली. "फोटोत कशी दिसंल पोर? लगीन होऊ दे, मग दे."

"ताई, डबीवर लिहिलं होतं."

"वाचलं ना. पण गोळीनंच तोंड फुगतं, हे खरं हाय का नाय?"

खरं होतं, म्हणून तर माझं डोकं फिरलं. आजाराने सुजली तेव्हा हिनेच दृष्ट काढली होती, आणि बरी होत होती तेव्हा औषध काढून घेतलं. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. स्टेरॉइड असं एकदम थांबवणं धोक्याचं असतं, ताबडतोब घेऊन या, ते म्हणाले.

"भरल्या मांडवातून निघालीस?" नणंदेने विचारलं. मी लेकीला गाडीत बसवलं.

गाडीत लेक हळूच म्हणाली, "आत्याला नको ओरडू. मीच नको म्हटलं. सगळे मला लाडू म्हणतात."

डॉक्टरांनी लघवीत बुडवलेली पट्टी गर्द हिरवी झाली. आजार उलटला होता. पुन्हा पूर्ण डोस, म्हणजे चेहरा आणखी गोल. मी लेकीला तसं स्पष्ट सांगितलं. डोस कमी होत गेला की उतरेल, हेही सांगितलं. ती रडली आणि तिने गोळ्या घेतल्या.

त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी दारातच बजावते, तिच्या चेहऱ्याबद्दल बोलायचं असेल तर चहा बाहेर मिळेल. काहीजण रागावून गेले. जाऊ देत.

लग्नानंतर नणंद आली. चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"तोंडाचं काय पण नाय बोलणार," ती म्हणाली. "येऊ का?"

"गोळ्यांचंही नाही," मी म्हटलं, आणि दार पूर्ण उघडलं.