सिस्टरांचं पोट

लंडनच्या इल्फर्ड भागातल्या त्या घरात कणीक उघडी ठेवणं हा गुन्हा होता. परातीवर ओलं फडकं नसलं की मागून सिस्टरांचा आवाज यायचा, "झाक आधी. आतडं काय नि कणीक काय, हवा लागली की वाळतं." मी त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू, पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला. हे वाक्य ऐकून पहिला आठवडा मी टोस्टवर काढला.

सिस्टर ऑपरेशन थिएटरमधल्या नर्स. मूळच्या दादरच्या, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. भल्याभल्या सर्जनना त्यांनी हातमोज्यांवरची पावडर धुवायला लावलेली. "एकदा उघडलेलं पोट विसरत नाही," असं त्या भाजी चिरताना सहज म्हणत. "पावडरीचा कण, गॉजचा धागा, सगळं लक्षात ठेवतं."

२००४ साली त्यांच्याच पोटाची पाळी आली. गर्भाशय काढलं. त्या घरी आल्यावर शुश्रूषेचा मक्ता मी घेतला. माझ्या हाती सोपवलेली गोष्ट सहसा धड परत येत नाही. त्यांचा पांढरा युनिफॉर्म मी आधीच एकदा गुलाबी करून दिला होता. आता मी त्यांना जिना चढू देईना. आईने पुण्याहून पाठवलेले डिंकाचे लाडू रोज दोन, समोर उभा राहून खायला लावले.

"अरे, मी पेशंट आहे, बाळंतीण नाही," त्या म्हणायच्या. पण खायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या किचनमध्ये वाकून उभ्या दिसल्या. पोट फुगलेलं, हिरवी उलटी. स्कॅन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटलीत, वाट बंद झालीय. चिकटलीत म्हटल्याबरोबर मला डिंक आठवला. नाकात नळी घातलेल्या बाईपुढे मी रीतसर कबुलीजबाब दिला.

त्या हसल्या. हसल्यामुळे दुखलं, म्हणून मला शिवी दिली. "गाढवा, लाडू आतड्याच्या आत जातो. हे चिकटलंय बाहेरून. कापलं की रक्तातून एक चिकट जाळं सुटतं, जखम बुजवायला. एरवी शरीर ते चार-पाच दिवसांत विरघळवून टाकतं. पण दुखावलेल्या जागी विरघळवणारं द्रव्यच कमी पडतं. मग जाळ्यात पेशी शिरतात, त्याचे पक्के दोर होतात. तुझे लाडू यायच्या आधीच सगळं ठरलं होतं."

"मग चुकलं कुणाचं?"

"कुणाचंच नाही. सर्जन मीच निवडला होता. हातमोजेसुद्धा बिनपावडरीचे, विचारून घेतलं होतं."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चूक माझी असती तर लाडू बंद केले असते. इथे बंद करण्यासारखं काही नव्हतंच. दोर कापायला पोट पुन्हा उघडायचं, आणि उघडलं की शरीर पुन्हा तेच जाळं विणायला बसणार. सिस्टरांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. दोर कापून त्या घरी आल्या आणि वर्षभर मऊ भात नि सूपवर राहिल्या, माझ्या सुपाला नावं ठेवत.

मग पुन्हा तसंच दुखलं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटत होता, थांबायला वेळ नव्हता. थिएटरकडे ट्रॉली निघाली तेव्हा मी शेजारून चालत विचारलं, "सिस्टर, मी काय करू?" कपडे आणतो, फोन करतो, बागेला पाणी घालतो, माझी यादी तयार होती.

"काही करू नकोस," त्या म्हणाल्या. "इथे बस."

मी बसलो. दुपारी सर्जनने बाहेर येऊन त्या गेल्याचं सांगितलं, तेव्हाही मी बसलेलोच होतो.