राबडीची हांडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, देवालाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. चौथीपर्यंत शिकलो, तेव्हा सुचेल तसं लिहितो.

लोक म्हणतात, "काका, तुम्ही यमुनाकाकूंची किती सेवा केलीत!" टाळकं सरकतं माझं. सेवा? काय बघितलंत तुम्ही — मी भरलेल्या बादल्या? धुतलेली लुगडी? ते कुणीही करील.

यमुनेला संग्रहणी होती. दिवसातून दहादा जायची — आव, रक्त. चाळिशीची बाई, वाळून काडी झाली. वैद्य झाले, डॉक्टर झाले, पुड्या झाल्या, बाटल्या झाल्या. मग शेजारच्या गेंदाबाईनं राबडी आणून दिली. आपली दुधाची गोड रबडी नव्हे. माळव्यातली, मक्याची — दलिया शिजवायचा, ताकात कालवायचा, मातीच्या हांडीत आंबू द्यायचा. तळाशी उरेल ते पुढच्याला विरजण.

महिनाभर खाल्ली तिनं. रक्त थांबलं. खरंच थांबलं. एकदा तर पोळ्या लाटायला बसली, मी दारातून बघत राहिलो.

मग मला खुश व्हायला काय झालं होतं? सांगतो. आजा माझा शिलेदार. मी संस्थानच्या पागेत घोड्यांना मक्याचा दाणा घालायचो, पण ताठा शिलेदाराचा. त्यात संस्थान गेलं, मध्य भारत झालं, निम्मे घोडे विकले, उरलेल्यांत आम्ही नुसते उभे. आणि एक दिवस पागेतला सोबती सगळ्यांदेखत म्हणाला, "क्यों भिया, सुना है अब घोड़े का दाना घर पे भी पक रिया है?"

हसले सगळे. मीही हसलो. आणि घरी आलो.

यमुना मागं अंगणात होती. चुलीवर पाणी खळखळत होतं. मी ते उचललं आणि हांडीत ओतलं. सगळं. झाकण ठेवलं, हात पुसले. एवढंच — पण विरजण मेलं. तिसऱ्या दिवशी हांडीला बुरशी आणि घाण वास.

ती घाबरली. विटाळशी बाईचा हात लागला की लोणचं नासतं, विरजण नासतं, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पण ती तर विटाळशी नव्हती. मग तिनं मला विचारलं — खाली मान घालून, नवऱ्याला असलं विचारायची लाज वाटत होती तिला — "अहो, ते आजाराचं रक्त… त्याचाही विटाळ असतो का हो?"

मला ठाऊक होतं हांडी कशानं नासली. एक शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, "रक्त ते रक्त. असणारच."

मूर्ख माणूस! हरामखोर माणूस!

त्या दिवसापासून ती हांडीला शिवली नाही. गेंदाबाई वाडगा भरून आली — "ले बेन, थोड़ी खा ले" — तर हिनं दारातूनच परत पाठवली. माझ्या तोंडचं भांडं तुझ्या घरात नको, तुझीही हांडी नासेल म्हणाली. हळूहळू लोणच्याची बरणी सोडली, देवघर सोडलं, चूलही सोडली. कोपऱ्यात तरट टाकून निजायची. रक्त परत सुरू झालं आणि मी बादल्या उचलायला लागलो. तीच ती माझी सेवा!

राबडीनं ती जगली असती का? मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगूही नका, त्यामागं मला लपायचं नाही. ती मेली आजारानं. पण वर्षभर स्वतःला घाण समजून जगली, ते माझ्यामुळं. रोज सकाळी सांगता आलं असतं. रोज सकाळी मी चहा प्यायलो आणि पागेत गेलो.

गेली त्या दुपारी शुद्धीत होती. मला जवळ बोलावलं, पण हात लावू दिला नाही. म्हणाली, "माझ्यापायी तुमच्या घराला फार विटाळ झाला. मला क्षमा करा."

मी म्हणालो, "केली."