भाऊबिजेच्या आठ तलंगा

औंधजवळचा जोतीराम फौजेतून हवालदार होऊन परतला आणि कोंबड्या पाळायला लागला, तेव्हा गाव हसलं. मी तिथला गुरांचा डॉक्टर. मीही हसलो होतो. पण त्र्याहत्तरच्या दिवाळीत त्याच्या दोनशे पांढऱ्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, पहिल्यांदा अंड्यावर आल्या. त्यातल्या आठ निवडून त्यानं आष्ट्याच्या विधवा बहिणीला, शालूबाईला, भाऊबिजेची ओवाळणी दिली. तिचं पोट कोंबड्यांवरच चालायचं.

पंधरा दिवसांत जोतीरामच्या घरच्या तलंगा एक पाय पुढं, एक मागं टाकून पडायला लागल्या. मी एक चिरून बघितली. काळीज गाठींनी भरलेलं. मारेक्सचा रोग. त्याचा विषाणू मोठा हरामखोर. अंगाची राखण करणाऱ्या पेशींतच दडी मारून बसतो. बाहेरून कोंबडी ठणठणीत दिसते आणि आतून राखणच गेलेली असते. मानमोडी या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगावर आम्ही टोचलेली लससुद्धा त्यामुळंच वाया गेली होती.

"आन् त्या आठ?" जोतीरामनं विचारलं.

"त्यांच्यातही असणार. पिसांच्या कोंड्यातून पसरतो, पिल्लांना तर लगेच धरतो. तिच्याकडं पिल्लं असतील तर त्या आठ आजच मारायला हव्यात."

तिच्याकडं चाळीस पिल्लं होती. तो मला ओढतच आष्ट्याला घेऊन गेला.

परड्यात आठही तलंगा मजेत दाणे टिपत होत्या, पिल्लं त्यांच्या पायांत. जोतीराम चाचरत म्हणाला, "शालू, ह्या माराय लागतील. आतनं रोगी हायत."

"ओवाळणी परत मागाय आलायस व्हय? सरळ सांग की."

"डाक्टरांस्नी इचार."

मी पेशी, विषाणू, सगळं सांगितलं. किती पुस्तकी बोललो, आठवलं की स्वतःचाच राग येतो. "तुज्या बायकूला, वैनीला, सलत आसंल ही ओवाळणी," एवढंच म्हणून तिनं चहा ठेवला. आम्ही जबरदस्तीनं माना मुरगळायला हव्या होत्या. लढाई बघितलेल्या त्या माणसाचा हात उठला नाही. माझाही नाही.

शिमग्यापर्यंत तिचं खुराडं रिकामं झालं. ती औंधला आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"तुज्या बोलण्यानंच मेली रं दादा माजी पिल्लं. भरल्या खुराड्याम्होरं मरणाचं बोलून गेलास."

मी समजावायला पुढं झालो, तर जोतीरामनं माझा दंड घट्ट धरला. ती गेल्यावर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या डाक्टर. खरं पटलं तर आपल्याच हट्टापायी मेली म्हणून जलमभर रडंल. त्यापरीस मला शिव्या दिऊ द्या."

शालूबाई त्यानंतर औंधला आली नाही.