गच्चीचं कुलूप आणि फळ्यावरचं ऊन

आमच्या तुळिंजच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली सोसायटीचा फळा होता. काच लावलेला, आत हिरवं कापड. एका रविवारी त्यावर दोन कागद शेजारी शेजारी लागले. डावीकडच्या कागदावर सोसायटीचा शिक्का होता. गच्ची आजपासून बंद, कपडे, वाळवण किंवा इतर कोणतीही वस्तू वर नेऊ नये. उजवीकडे रंगीत फोटो होता. परदेशातली कुणी बाई दोरीवर पांढऱ्या चादरी घालते आहे, मागे डोंगर. त्याखाली स्केचपेनने मराठीत लिहिलेलं होतं, 'ऊन फुकट आहे. कपडे उन्हात वाळवा, वीज वाचवा, पृथ्वी वाचवा.'

दोन्ही कागदांना टाचण्या लावणारा हात एकच होता.

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. मला वाचायला वेळ लागतो आणि आपलंच चुकत असेल असं आधी वाटतं. म्हणून मी दोन्ही कागद पुन्हा वाचले. काही चुकत नव्हतं. मग मात्र माझ्या कानशिलात जे गरम झालं, ते आज हे लिहितानाही पुरतं निवलेलं नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मुंबईत चांगल्या नोकरीला होते. त्यांच्या घरी नेट बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या आधी आलं. त्यांच्याकडे लांब नळीचा कॅमेराही होता. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर जाऊन स्वतः निथळत परत यायचे, कॅमेरा मात्र पिशवीत कोरडा. दर रविवारी नेटवर जे चांगलं दिसलं असेल त्याचं एक पान छापून ते फळ्यावर लावायचे. वर ठळक अक्षरांत, 'या आठवड्यात सापडलेलं'.

खोटं कशाला सांगू, मला ते कागद फार आवडायचे. गवतावरचा दवाचा थेंब आणि त्यात उलटं दिसणारं झाड. मातीची घरं, छपरावर गवत उगवलेली. बर्फाच्या देशात उन्हावर आंघोळीचं पाणी तापवणारी माणसं. खाली त्या साइटचं नाव इंग्रजीत असायचं. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिला मी ते नाव उतरवून आणायला लावायची आणि संध्याकाळी ती आमच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडायची. चित्र एकदम यायचं नाही, पट्ट्यापट्ट्यांनी वरून खाली उतरायचं. आधी आभाळ, मग डोंगराचा माथा, मग झाडी, आणि आता खालचं तळं दिसणार तेवढ्यात लाइट जायची. लोडशेडिंगचे दिवस होते ते. कितीतरी तळी मी झाडीपर्यंतच पाहिली. मुलगी चिडायची, मी म्हणायची, "राहू दे, तळं आपण मनाने घालू."

आता गच्चीचं सांगते.

मुलगी लहान असताना ह्यांनी सूर्यचूल आणली होती. एक चौकोनी पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आतून आरसा. आतले डबे बाहेरून काळे रंगवलेले. सकाळी डाळतांदूळ घालून ती गच्चीवर ठेवायची आणि ऊन सरकेल तशी पेटी फिरवायची. एकच नियम, मधे उघडायची नाही. उघडली की कोंडलेली धग निघून जाते आणि ती परत यायला दुपार उलटते. ह्यांनी आणली खरी, पण फिरवत बसायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यातून मला गच्ची मिळाली.

मी कुणाच्या घरी जाऊन बसणारी बाई नाही. हळदीकुंकवाला गेले तरी दाराजवळची जागा धरते. उखाणा घ्यायला सांगितला की चपला शोधते. बिल्डिंगमध्ये इतकी वर्षं काढूनही कुणाच्या स्वयंपाकघरापर्यंत मी गेले नव्हते. गच्चीवर मात्र पेटीमुळे बायका आपण होऊन माझ्यापाशी यायच्या. मी आंबोशी आणि कोकमं घालायची, देशावरच्या बाई कुरडया घालायच्या, आणि पापडी गावात माहेर असलेली तळमजल्यावरची शेजारीण राजेळी केळी सोलून सुकेळी करायला ठेवायची. कावळे हाकत आम्ही सावलीत बसायचो.

"अगे, ह्या पेटीत कोंबडी शिजंल काय?" पापडीकडचीने एकदा विचारलं.

"शिजेल. पण तुम्हाला धीर कुठे आहे?"

"मग माझ्या नवऱ्याला ठेव आत. तो पन अजून कच्चाच हाय."

"त्यांना रोज फिरवायला लागेल, उन्हाकडे तोंड करून."

हे उत्तर मी दिलं होतं! देशावरच्या बाई हसता हसता कुरडयांवर कलंडल्या. घरी गेल्यावर मला माझंच नवल वाटलं. असं चटकन बोलणारी कुणीतरी माझ्यात होती आणि ती फक्त गच्चीवर यायची.

अशाच एका रविवारी सेक्रेटरी कॅमेरा घेऊन वर आले. "काकू, तुम्ही तशाच बसा. माझ्याकडे बघू नका. हात तेवढा पेटीवर ठेवा." मी ठेवला. मग त्यांनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि सरळ पेटीची काच वर उचलली.

"अहो, नको," मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच ऐकू आला असेल.

"वाफ हवी फोटोत. एक मिनिट."

त्यांचं मिनिट चांगलं लांबलं. मग काळा डबाही उघडला, डाळ दिसायला. जाताना म्हणाले, "फार सुंदर, काकू. निसर्गाशी किती जवळ आहात तुम्ही!" त्या दिवशी तूरडाळ दाताखाली खड्यासारखी लागली. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा मी कसंबसं सांगितलं की डाळ कच्ची राहिली. तर म्हणतात, "मग गॅसवर ठेवायची ना!"

पुढच्या रविवारी फळ्यावर माझा हात लागला. पेटी, वाफ, काळा डबा आणि हिरव्या बांगड्यांचा माझा हात. वर ठळक, 'या आठवड्यात सापडलेलं'. सापडलेलं? मी हरवले कधी होते? तिसऱ्या मजल्यावर राहत होते की. तो फोटो त्यांनी नेटवरही टाकला होता. मुलीने तो उघडून खालचे अभिप्राय वाचून दाखवले. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी लिहिलं होतं, किती साधं जगणं, यांच्याकडून शिकायला हवं. त्यावर सेक्रेटरींनी आभार मानले होते. आपण अशा लोकांमध्ये राहतो हे आपलं भाग्य, असंही लिहिलं होतं.

भाग्य! त्याच उन्हाळ्यात गच्ची मोबाइलच्या टॉवरला दिली.

मीटिंगला हे गेले होते. सगळ्यांनी सह्या केल्या, ह्यांनीही केली. बायकांना कुणी विचारलं नाही. ह्यांना मी विचारलं तर म्हणाले, "अगं, त्यांच्या भाड्यातून बिल्डिंगला रंग लागणार आहे. वर त्यांची यंत्रं राहणार, कुणी हात लावला तर?"

"टॉवर एका कोपऱ्यात आहे. बाकी गच्ची काय करते आहे?"

"जाऊ दे गं. तू कशाला त्यात पडतेस?"

टॉवरला जाळीची वेगळी खोली होती आणि तिला वेगळं कुलूप होतं. तरी गच्चीच्या दारालाही कुलूप बसलं आणि किल्ली सेक्रेटरींकडे गेली. का, तर वाळवणाने बिल्डिंगची शोभा जाते. लाइट गेली की आम्ही घामाघूम अंधारात बसायचो आणि डोक्यावर टॉवरचा जनरेटर डिझेल पीत गुरगुरायचा. आणि खाली फळ्यावर, ऊन फुकट आहे.

बायका जिन्यात भेटायला लागल्या. हातात पिशव्या, एक पाय वरच्या पायरीवर. "बरं आहे ना?" "बरं आहे." दारं बंद. देशावरच्या बाईंनी कुरडया विकतच्या आणल्या. पापडीकडचीने सुकेळी खिडकीच्या ग्रिलवर ठेवली तर तिला लेखी समज आली. "आता काय, केळी पंख्याखाली सुकवू?" तिने मला विचारलं, आणि मला काही उत्तर सुचलं नाही. गच्चीवर सुचलं असतं. मला भीती वाटली ती डाळीची नाही. गॅस होता, डाळ शिजतच होती. ती चटकन बोलणारी बाई वरच कोंडली गेली, असं मला वाटायला लागलं.

आमच्या कंपाउंडमध्ये ऊन जवळजवळ येत नाही. समोरच्या बिल्डिंगने ते अडवलं आहे. मागच्या बाजूला तेवढी एक पट्टी उन्हात असते आणि तिथे सेक्रेटरींची गाडी उभी राहायची. एका रविवारी ते भल्या पहाटे पक्ष्यांचे फोटो काढायला गेले. मी डाळतांदूळ धुतले, पेटी उचलली आणि जिने उतरून त्यांच्या जागेच्या बरोबर मध्ये मांडली. मुलगी आरशाचं झाकण धरून मागे आली. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही, पण पान उलटायचं थांबले.

पापडीकडची दारात आली. "अगे, ही काय पूजा मांडलीस?"

"डाळ घातली आहे."

"त्याची गाडी येईल ना!"

"येऊ दे."

ती आत गेली. मला वाटलं, घाबरली. तर केळ्यांची परात घेऊन आली आणि पेटीच्या शेजारी ठेवून पाटावर बसली. तिचं बघून देशावरच्या बाई मिरच्या घेऊन उतरल्या.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाडी आली. हॉर्न वाजला. आम्ही तिघी बसून राहिलो. पुन्हा वाजला, लांबलचक. गॅलऱ्यांमध्ये माणसं आली. सेक्रेटरी उतरले, चेहरा तापलेला. पण जवळ आल्यावर मिरच्या, केळी, काचेखालची वाफ हे सगळं त्यांना एकत्र दिसलं आणि तो चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. गाडी तशीच रस्त्यात सोडून ते कॅमेरा घेऊन आले.

"वा! काकू, हलू नका हं."

आणि हात पुढे करून पेटीची काच धरली.

मी माझा हात त्यांच्या हातावर नाही, काचेवर ठेवला, दाबून. काच तापलेली होती, चटका बसला, तरी काढला नाही.

"उघडायची नाही," मी म्हटलं. या वेळी गॅलऱ्यांपर्यंत गेलं.

"फक्त एक मिनिट..."

"मागच्या वेळचं मिनिट आम्ही कच्चं खाल्लं. फोटो पाहिजे असेल तर गच्चीची किल्ली आणा. उन्हाचे कागद लावता आणि ऊन कुलपात ठेवता, लाज नाही वाटत?"

एवढं मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. ते म्हणाले, "काकू, तुम्ही राजकारण करताय." वरून कुणीतरी हसलं. तेवढ्यात हे चपला न घालताच खाली आले आणि म्हणाले, "मीटिंगमधली माझी सही मी मागे घेतो." मग परातीशेजारी उकिडवे बसले आणि कावळा हाकायला लागले.

दोन दिवसांनी सेक्रेटरींच्या मिसेस किल्ली घेऊन आल्या. म्हणाल्या, "फक्त तुमच्यापुरती हं, काकू. बाकीच्यांना सांगू नका."

माझ्यापुरतं ऊन! मी किल्ली घेतली, दार उघडलं आणि कुलूप घरी आणून डब्यांच्या फडताळात मागे टाकलं. गच्चीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून वीट लावली. अर्धी गच्ची टॉवरच्या सावलीने आणि धुराने गेलीच होती, ती परत मिळाली नाही. उरलेल्या अर्ध्या गच्चीवर आम्ही दाटीवाटीने बसलो.

त्यानंतरच्या रविवारी फळ्यावर पेटीचा तोच जुना फोटो नव्याने लागला. खाली लिहिलेलं, 'आपल्या सोसायटीची हरित गच्ची : कमिटीचा उपक्रम'. फळ्याच्या काचेला तेव्हा कडी नव्हती. मी टाचण्या काढून ठेवल्या आणि कागद वर घेऊन गेले. फरशी उंचसखल असल्यामुळे पेटी एका बाजूला डुलत होती. कागदाच्या घट्ट घड्या घालून मी त्या कोपऱ्याखाली सारल्या. पेटी सरळ बसली.

"आज काय घातलंयस?" पापडीकडचीने विचारलं.

"कमिटीचा उपक्रम," मी म्हटलं, "पण मधे उघडायचा नाही."