गंधवानीच्या दगडातली चांदी

चांदी डोंगरात चकाकत पडलेली असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती फक्त पैंजणांत पाहिलेली असते. जमिनीत चांदी सापडलीच तर काळवंडलेली सापडते, आणि बहुतेक वेळा ती दिसतच नाही. शिशाच्या दगडात मुरून बसलेली असते. चांदी हवी तर आधी शिसं शोधावं. हे मी पोथीत वाचलेलं नाही. लग्न होऊन देवासहून धारला आले आणि मीठमिरचीच्या हिशेबाबरोबर हेही शिकले.

माझे सासरचे मराठी फौजेबरोबर माळव्यात आलेले. संस्थानच्या खजिन्यातली धातूची पारख पिढ्यान्पिढ्या आमच्या घराकडे. चांदी कितपत खरी, हे आमच्या घरच्या पुरुषानं सांगायचं आणि दरबारानं मानायचं. पण मी सांगते आहे त्या सुमारास ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. घरच्या भट्टीचा भाता मीच चालवत असे. हळूहळू आत काय चाललंय हेही मीच सांगू लागले. बाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता.

नवे दिवाणसाहेब मात्र तिखट कानाचे. "पारखी हल्ली माणसं आवाजावरून ओळखतात म्हणे," असं ते कचेरीत बोलले, आणि आठवड्याभरात हुकूम आला. गंधवानीकडच्या डोंगरांत चांदी असल्याची आवई होती. दगड शोधून आणा आणि दरबारी मंडळींसमोर पारखून दाखवा. साधलं तर काम तुमच्याकडे, नाही तर घरी बसा.

हे घरी बसले असते तर उपाशी मेलो नसतो. पण खजिन्यात ताठ मानेनं जाणारा माझा नवरा ओटीवर बसून माशा मारताना मला बघवला नसता. म्हणून मी बैलगाडीत चढले. प्रवासात यांच्या जेवणाचे हाल होतात, असं सांगितलं. जावांनी नाकं मुरडली, मुरडोत बापड्या.

गंधवानीपाशी पोचलो तर गाडीवानच आधी ओरडला, "बई, यो देखो नी, चांदी ई चांदी!" ओढ्याच्या वाळूत अभ्रकाचे पापुद्रे चमचमत होते. मी म्हटलं, "भिया, ही चांदी बोटानं सोलून निघते. तुझ्या बैलांच्या शिंगांना चिकटव." हे खो खो हसले.

ओढ्यात बघायचं ते वजन. मुठीएवढा दगड उचलताना मनगट खाली गेलं पाहिजे. असा एखादा मिळाला की ओढ्यानं वर वर जायचं. जिथं तसे दगड संपतात, तिथं काठ चढायचा. वर गारगोटीचा पांढरा पट्टा आणि त्यावर गंजल्यासारखी तांबूस माती दिसली तर तिथं खणायचं. आम्ही तसंच गेलो. दगड मी उचलायचे, यांच्या तळहातावर ठेवायचे, आणि हे मान हलवायचे. शेवटी गारगोटीच्या कडेला एक करडा दगड निघाला. फोडल्यावर त्याचे फाशांसारखे चौकोनी तुकडे झाले. ते शिसंच होतं. त्यात चांदी किती, हे आता विस्तवच सांगणार होता.

ही पारख कशी होते ते सांगते. दगड कुटून, भट्टीत गाळून त्यातलं शिसं काढायचं. ते हाडांच्या राखेच्या वाटीत घालून निखाऱ्यांत ठेवायचं. राख शिसं पिऊन टाकते आणि चांदी तेवढी उरते. अगदी शेवटी वाटीतल्या थेंबावर रंगीत पट्टे फिरतात, आणि एकदम लख्खकन चमक मारते. वाटी तेव्हाच काढायची. आधी काढली तर शिसं राहतं, उशीर झाला तर चांदीही जाते. ती चमक ह्यांना दिसणं शक्य नव्हतं.

मग मला आपली रीत आठवली. पूजेत बायको नवऱ्याच्या उजवीकडे बसते आणि त्याच्या हाताला हात लावते. मी दरबारात निरोप धाडला की आमच्या घराण्यात भट्टीची पूजा जोडप्यानं होते आणि वाटी बाहेर येईपर्यंत हातावरचा हात सोडायचा नसतो. पूजेपर्यंतचं खरं होतं. पुढचं मी रचलं, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

खजिन्याच्या चौकात सगळी मंडळी जमली. यांच्या हातात सांडशी, माझा हात त्यांच्या मनगटावर. निखाऱ्यांच्या फटीतून मी बघत होते. रंग फिरले. चमक मारली. मी मनगट दाबलं, आणि यांनी वाटी अशी अलगद काढली की कुणी वाहवा केली. आत मोहरीएवढी चांदी होती. एवढ्यासाठी कुणी डोंगर पोखरणार नव्हतं, पण दगडात चांदी किती हे आम्ही सांगितलं होतं.

दिवाणसाहेब खूश झाले. "नजर शाबूत आहे म्हणायची! आपल्या डोळ्यांनी पाहून काढली, एवढं सर्वांसमोर सांगा म्हणजे झालं."

हे उठून उभे राहिले. "तेवढं सांगता येणार नाही, साहेब. मला नुसता तांबडा धूर दिसत होता. चमक हिनं पाहिली."

त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला मला! माझा सगळा आटापिटा या माणसानं एका वाक्यात पाण्यात घातला. आणि तरीही माझा ऊर भरून आला. जन्मभर भेसळ पकडणाऱ्या माणसाला स्वतःच्या बोलण्यात ती खपली नाही.

"मग ही पारख कुणाची मानायची?" दिवाणसाहेबांनी विचारलं.

"त्याच दगडातलं तेवढंच शिसं राखून ठेवलंय. मी लांब बसतो, ती एकटी काढील. दोन्ही गोळ्या काट्यावर घाला. जुळल्या तर काम आमच्या घरात राहू द्या. नाही जुळल्या तर आजच निरोप घेतो."

हे चौकाच्या पार टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी पदर खोचला. भाता मीच मारला, सांडशी मीच धरली. कुजबूज चालली होती, ती मला ऐकू येईनाशी झाली. चमक आली तशी वाटी बाहेर घेतली. खजिन्याच्या काट्यात एका पारड्यात पहिली गोळी पडली, दुसऱ्यात माझी. काटा हलला, हलत राहिला.

"काटा कुठं आहे?" भिंतीपासून ह्यांनी विचारलं.

मला दिसत होतं, पण मी काट्यापासून बाजूला सरले. ज्यांना शंका होती, त्यांनीच सांगावं. दिवाणसाहेबांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

"मधोमध आहे, पारखी," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी मला हात जोडले.