कांचघरच्या टपरीवरचा वाद
खोव्याच्या जलेबीचा तुपकट वास आला की मला आमच्या कांचघर मोहल्ल्यातली, हलवायाच्या दुकानाशेजारची ती चहाची टपरी आठवते. बाबा फॅक्टरीतून नुकतेच रिटायर झाले होते आणि अतिरेक्यांशी कोणता पक्ष जास्त कठोर वागतो, यावरून तिथे रोज सकाळी त्यांची एका जुन्या सहकाऱ्याशी जुंपायची. एकदा ते काका म्हणाले, "आपकी सरकार भी तो उनसे बात करने बैठी थी." बाबा भडकले, "सरासर झूठ!" काका अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेले. बाबा वाचनालयात जाऊन दुपारपर्यंत जुने पेपर चाळत बसले आणि घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, "तो खरं बोलून राहिला होता." दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते टपरीवर गेले आणि भरल्या बाकांसमोर उभं राहून म्हणाले, "भैया, कल मैंने आपको झूठा कहा. गलती मेरी थी." कोणीतरी हसलं, "तो अब पार्टी बदलोगे?" "वोट तो वहीं दूँगा," बाबा म्हणाले, "पर इनको झूठा नहीं कहूँगा." काकांनी सरकून त्यांना जागा करून दिली. आता मीही तसेच तावातावाने वाद घालते आणि कितीदा तरी चुकते. पण चारचौघांत ते कबूल करायची हिंमत मला अजून एकदाही झालेली नाही.